नळी कधी फुटणार? बॉयलरमधल्या तापत्या पोलादाच्या आयुष्याचा हिशोब

औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरची नळी फुटली की पहिली खूण बहुतेक वेळा पाण्याच्या हिशोबात दिसते. डीएम पाण्याचा, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याचा मेकअप (वरून घालावी लागणारी भर) नेहमीपेक्षा वाढतो. शिफ्ट इंजिनिअर आधी ड्रेन आणि व्हॉल्व्ह तपासून घेतो, कारण पाणी तिथूनही जाऊ शकतं. मग लीक डिटेक्टरचा एखादा चॅनेल चढायला लागतो, बॉयलरवर गेलेला माणूस अमुक मजल्यावर वाफेचा आवाज येतोय म्हणून कळवतो आणि लोड डिस्पॅच सेंटरला फोन जातो. युनिट बंद. फर्नेस थंड होणं, स्कॅफोल्डिंग बांधणं, फुटलेला तुकडा कापून नवा वेल्ड करणं, रेडिओग्राफी, हायड्रो टेस्ट आणि पुन्हा लाइट-अप यांत दोन ते चार दिवस सहज जातात. ५०० मेगावॅटचं युनिट पूर्ण भारावर चालताना तीन दिवस थांबलं, तर ३ कोटी ६० लाख युनिट वीज हातची जाते. बंद करायला उशीर झाला असेल तर फुटलेल्या नळीतून सुटलेल्या वाफेच्या झोताने शेजारच्या चार नळ्या चिरलेल्या असतात, आणि एका जोडाच्या जागी दहा जोड करावे लागतात.

जगभर आणि आपल्याकडेही युनिट अचानक बंद पडण्याच्या कारणांत बॉयलर ट्यूब लीकेज वर्षानुवर्षं आघाडीवर आहे. त्यामुळे ‘ही नळी कधी फुटणार, हे आधी सांगता येईल का?’ हा प्रश्न धातुशास्त्रज्ञांइतकाच वीजकेंद्रातल्या प्रत्येकाचा आहे. गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नावर अफाट काम झालं. ते सगळं समोर ठेवलं की माझं मत असं बनतं: सूत्रं पुरेशी आहेत. कमतरता आहे ती सूत्रात घालायच्या आकड्यांची, त्यातही नळीच्या खऱ्या तापमानाची आणि तिच्या इतिहासाची.

आधी एक गोष्ट वेगळी करायला हवी. एका मोठ्या बॉयलरमध्ये शेकडो किलोमीटर नळ्या असतात आणि त्या सगळ्या एकाच आजाराने जात नाहीत. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के, आणि त्या राखेत कठीण क्वार्ट्‌झ. ती इकॉनॉमायझरच्या आणि कमी तापमानाच्या सुपरहीटरच्या नळ्या बाहेरून घासत राहते. इथे अंदाज तुलनेने सोपा आहे: दर ओव्हरहॉलला जाडी मोजा, झिजेचा वेग काढा, पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत टिकेल का ते पाहा. वॉटरवॉलमध्ये पाण्याचं रसायन बिघडलं की नळीच्या आत साचलेल्या थराखाली हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होतं. तिथे अंदाजाची किल्ली केमिस्टच्या वहीत असते. नळीत काहीतरी अडकून वाफेचा प्रवाह तुटला, तर ती तासाभरातसुद्धा फुटते आणि तिचं भाकीत कोणत्याही सूत्राने होत नाही. उरतात सुपरहीटर आणि रिहीटरच्या नळ्या. दाब आणि आच सोसत वर्षानुवर्षं त्या हळूहळू ताणत जातात. या प्रक्रियेला क्रीप म्हणतात. आयुष्याचा हिशोब मांडण्याचं शास्त्र सर्वांत पुढे गेलं ते इथेच, आणि पुढचं विवेचन मुख्यतः त्याबद्दल आहे.

फुटलेली नळी हातात घेतली तर ती कशाने गेली हे बऱ्याच अंशी ती स्वतःच सांगते. अचानक अतितप्त झालेली नळी माशाने तोंड उघडावं तशी फाकते; फाटीच्या कडा ओढल्या जाऊन सुरीच्या पात्यासारख्या पातळ होतात आणि नळी त्या जागी ठळक फुगलेली असते. क्रीपने गेलेल्या नळीचं रूप अगदी वेगळं. फट लांबट, अरुंद, नळीच्या लांबीला समांतर. कडा जाड, जवळजवळ मूळ जाडीच्या. फुगवटा इतका कमी की कॅलिपर लावल्याशिवाय कळत नाही. फटीच्या आजूबाजूला तिला समांतर अशा बारीक भेगांची जाळी आणि आतबाहेर काळपट ऑक्साइडचा जाड थर. भेगा लांबीच्या दिशेने पडतात, कारण आतल्या दाबाने नळीच्या परिघावर येणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो.

हा ताण किती असतो? बाहेरचा व्यास ५१ मिलिमीटर, जाडी ६ मिलिमीटर आणि आतला दाब १७ मेगापास्कल धरला, तर परिघीय ताण सुमारे ६४ मेगापास्कल येतो. सुपरहीटरसाठी सर्रास वापरलं जाणारं टी-२२ पोलाद, म्हणजे सव्वादोन टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनम असलेलं, साध्या तापमानाला २०० मेगापास्कलच्या पुढेही आकार सोडत नाही. मग ६४ ला का फुटतं? कारण ५४० अंश सेल्सियस म्हणजे ८१३ केल्विन, आणि पोलादाच्या वितळणबिंदूच्या चार दशांशांहून ते अधिक आहे. या पट्ट्यात अणू जागा बदलायला मोकळे होतात. ताण स्थिर असला तरी धातू काळाबरोबर सरकत राहतो. कणांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, त्या ओळीने मांडल्या जातात, जोडल्या जातात आणि शेवटी भेग पडते. नळीची ताकद म्हणजे मग एक आकडा राहत नाही. किती तापमानाला, किती ताणाखाली, किती तास, असं तिन्ही सांगावं लागतं.

या विषयाची शास्त्रीय सुरुवात लंडनमध्ये १९१० साली झाली असं मानतात. एडवर्ड आंद्राद यांनी शिशाच्या तारांना वजनं टांगून त्या किती लांबतात ते मोजलं. तार लांबली की ती बारीक होते आणि ताण वाढतो, मग मोजमाप गढूळ होतं. त्यांनी वजनाला असा आकार दिला की तार लांबेल तसं ते पाण्यात अधिक बुडावं आणि ताण तेवढाच राहावा. क्रीपचे टप्पे यातून स्वच्छ दिसले: आधी वेगाने लांबणं, मग संथ स्थिर चाल. तार असो वा नळी, शेवटी तिसरा टप्पा येतो. त्यात वेग पुन्हा वाढतो आणि तुकडा तुटतो. १९२९ मध्ये नॉर्टन यांनी स्थिर टप्प्यातला वेग ताणाच्या अमुक घाताच्या प्रमाणात वाढतो असं मांडलं. हा घातांक पोलादांत अनेकदा ४-५ च्या आसपास, काही वेळा त्याहून बराच जास्त असतो. ताणातला थोडासा फरक आयुष्यात मोठा फरक करतो, तो याच्यामुळे.

आता खरी अडचण. बॉयलरच्या नळीचं आयुष्य पारंपरिकपणे १,००,००० तासांवर बेतलं जायचं. सलग चालवली तर साडेअकरा वर्षांच्या जवळपास. नवं पोलाद आलं की त्याची एवढी लांब चाचणी करून मगच ते वापरायचं, तर कुणालाच परवडणार नाही. १९५२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या लार्सन आणि मिलर या दोघांनी यावर तोडगा काढला आणि आजही जवळजवळ प्रत्येक आयुष्य-अंदाजाच्या अहवालात तो पहिल्या पानावर असतो. त्यांचं म्हणणं असं की वेळ आणि तापमान हे एकमेकांच्या बदल्यात देता येतात. केल्विनमधलं तापमान गुणिले (२० अधिक तासांचा दशमान लॉगॅरिदम), हा गुणाकार एका ठराविक ताणासाठी जवळजवळ स्थिर राहतो. म्हणजे जास्त तापमानाला थोड्या तासांत तुकडा तोडायचा आणि त्यावरून कमी तापमानाचे तास काढायचे.

हे सूत्र करून पाहण्यासारखं आहे. समजा एका ताणाखाली ५४० अंशांना नळी १,००,००० तास टिकते. लॉगॅरिदम ५, म्हणून गुणाकार ८१३ गुणिले २५, म्हणजे २०,३२५. आता नळी ५५० अंशांना, म्हणजे ८२३ केल्विनला चालवली, तर तास येतात साधारण ५०,०००. ५६० ला साधारण २५,०००. उलट ५३० ला ठेवली तर दोन लाखांच्या थोडं वर. दहा अंशांनी आयुष्य निम्मं, वीस अंशांनी पाव. वीजकेंद्रातल्या लोकांना हा नियम तोंडपाठ असतो. त्याचा दुसरा अर्थ मात्र तितका लक्षात घेतला जात नाही: नळीचं तापमान तुम्हाला दहा अंशांच्या अचूकतेने माहीत असेल, तरी तुमचं भाकीत निम्म्यापासून दुपटीपर्यंत कुठेही असू शकतं.

लार्सन-मिलरनंतर सूत्रांची रांगच लागली. १९५३ मध्ये मॅन्सन आणि हाफर्ड यांनी वेगळा गुणक मांडला. १९५६ मध्ये मंकमन आणि ग्रँट यांनी दाखवलं की किमान क्रीपवेग आणि तुटण्याचा वेळ यांचा गुणाकार एका पोलादासाठी साधारण स्थिर असतो. म्हणजे तुकडा तुटेपर्यंत थांबायला नको, वेग मोजला तरी अंदाज येतो. १९५८ मध्ये सोव्हिएत संघातले काचानोव्ह यांनी धातूच्या आतलं नुकसान शून्यापासून एकपर्यंतच्या एका आकड्यात धरलं आणि ते कसं वाढत जातं याचं समीकरण दिलं. राबोत्नोव्ह यांनी ते पुढे नेलं. ब्रिटनमध्ये स्वान्झी विद्यापीठातल्या विल्शर आणि इव्हान्स यांनी क्रीपची संपूर्ण वक्ररेषाच चार गुणकांत बसवली, नंतर विल्शर समीकरणं आली. एवढ्या पर्यायांतलं श्रेष्ठ कोणतं, यावर परिषदांमध्ये कायम वाद चालतो. मला तो वाद दुय्यम वाटतो. जितक्या तासांची चाचणी हाताशी आहे तेवढ्या पट्ट्यात सगळी सूत्रं जवळपास सारखंच सांगतात. फरक पडतो तो चाचणीच्या पलीकडे उडी मारताना, आणि त्या उडीवर सूत्र बदलून इलाज होत नाही. युरोपातल्या क्रीप समितीचा दंडक इथे शहाणपणाचा आहे: सर्वांत लांब चाचणीच्या तिपटीपलीकडे भाकीत करू नये.

म्हणूनच लांब चाचण्या करणाऱ्यांचं ऋण मोठं आहे. जपानमधल्या राष्ट्रीय धातू संशोधन संस्थेने १९६६ पासून क्रीपची मोजमापं पद्धतशीरपणे गोळा करून प्रसिद्ध केली. त्यांच्याकडे १९६९ मध्ये लावलेला कार्बन पोलादाचा एक तुकडा ४० वर्षांहून अधिक काळ ताणाखाली टांगलेला होता. २०११ मध्ये ती चाचणी जगातली सर्वांत लांब क्रीप चाचणी ठरली. आपल्याकडे जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत आणि कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात अशा चाचण्यांची मोठी यंत्रणा आहे. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, पण त्याच्याशिवाय वरचं एकही सूत्र उभं राहत नाही.

आता तापमानाकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. कंट्रोल रूमच्या पडद्यावर सुपरहीटरच्या नळीचं म्हणून जे ‘मेटल टेंपरेचर’ दिसतं, ते बहुतेक बॉयलरांत फर्नेसच्या बाहेर, वर पेंटहाउसमध्ये, हेडरकडे, म्हणजे सगळ्या नळ्या जिथे मिळतात त्या जाड पाइपकडे, जाणाऱ्या नळीच्या टोकावर बसवलेल्या थर्मोकपलचं असतं. तिथे ज्वाला नाही, धुराची आच नाही. त्यामुळे तो आकडा जवळजवळ आतल्या वाफेचाच असतो. खाली धुरात लटकलेल्या भागात त्याच नळीचा धातू कितीतरी अंश जास्त तापलेला असतो, आणि तिथे थर्मोकपल लावलं तर ते फार काळ जगत नाही. शिवाय थर्मोकपल प्रत्येक नळीला नसतं. शेकडो नळ्यांत काही मोजक्याच निवडलेल्या असतात. कोपऱ्यांतून फायरिंग होणाऱ्या टँजेन्शियल बॉयलरमध्ये धूर भोवऱ्यासारखा फिरत वर येतो आणि त्या फिरकीचा काही अंश सुपरहीटरपर्यंत टिकतो. परिणामी डावी आणि उजवी बाजू सारखी तापत नाही. ठराविक पॅनेलच्या नळ्या पुन्हा पुन्हा फुटतात आणि शेजारच्या वीस वर्षं ठणठणीत राहतात, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

सरासरी तापमान लिहून ठेवणं तर आणखी फसवं. क्रीपचा हिशोब करण्याची रॉबिन्सन यांची साधी रीत आहे: ज्या तापमानाला जितके तास गेले ते त्या तापमानाच्या एकूण आयुष्याने भागायचे आणि सगळे अपूर्णांक मिळवत जायचे, बेरीज एकवर आली की आयुष्य संपलं. वरचंच उदाहरण घ्या. वर्षाचे ८,००० तास, त्यांतले ७,००० तास ५४० अंशांना आणि फक्त १,००० तास ५६० ला. खर्च झालं ७ टक्के अधिक ४ टक्के, म्हणजे ११ टक्के आयुष्य. अष्टमांश वेळेत एक तृतीयांशाहून जास्त नुकसान. आता कुणी वर्षाची सरासरी साडेपाचशेच्या खाली, ५४२.५ अंश, काढून हिशोब केला, तर उत्तर ९.५ टक्के येतं. सरासरी नेहमी नुकसान कमी दाखवते. नळ्यांवरची राख झाडणारे सूटब्लोअर बंद पडलेले आठवडे, स्प्रेने तापमान आवरत नसतानाही लोड ओढून नेलेल्या रात्री, यांची तासावार नोंद असेल तरच हिशोबाला अर्थ आहे.

या नोंदी नसतील तर नळीनेच ठेवलेली एक नोंद वाचता येते. वाफ आणि तापलेलं पोलाद यांच्या संयोगाने नळीच्या आत मॅग्नेटाइटचा थर वाढत जातो, आणि त्याची जाडी तापमान आणि काळ यांवर अवलंबून असते. थर मोजला, चाललेले तास माहीत असले, की नळीने सरासरी किती तापमान सोसलं ते उलट काढता येतं. १ ते ३ टक्के क्रोमियमच्या पोलादासाठी प्रचलित असलेल्या एका सूत्राने १,००,००० तासांना ५४० अंशांवर थर येतो सुमारे ०.१६ मिलिमीटर, आणि ५६० वर पाव मिलिमीटर. अल्ट्रासॉनिकने हा थर नळी न कापता बाहेरून मोजता येतो, आणि माझ्या मते सुपरहीटरच्या तपासणीतलं हे सर्वांत किफायतशीर काम आहे. एका पॅनेलच्या सगळ्या नळ्यांवर तो मोजला की तापमानाचा नकाशाच समोर येतो. मर्यादाही उघड आहे: वीस अंशांचा फरक फक्त ०.०९ मिलिमीटरमध्ये वाचायचा असतो, त्यामुळे उपकरण आणि ते धरणारा हात दोन्ही चांगले लागतात.

हाच थर नळीचं नुकसानही करतो. ऑक्साइड उष्णता नीट वाहू देत नाही. बाहेरून आच तेवढीच, आत वाफ तेवढीच, पण मधे थर आला की धातू पूर्वीपेक्षा जास्त तापतो. जास्त तापला की थर आणखी वेगाने वाढतो. त्याच काळात बाहेरून राख आणि क्षार जाडी खात असतात. वरच्या उदाहरणातल्या नळीची जाडी बाहेरून ६ वरून ५ मिलिमीटरवर आली, तर ताण ६४ वरून ७५ मेगापास्कलवर जातो. घातांक ५ धरला तर आयुष्य खर्च होण्याचा वेग दुपटीहून जास्त. पहिल्या वर्षीचं तापमान आणि पहिल्या वर्षीची जाडी घेऊन विसाव्या वर्षाचं भाकीत करणारे अहवाल म्हणूनच चुकतात. सुपरक्रिटिकल युनिट्समधल्या स्टेनलेस नळ्यांत आणखी एक धोका असतो. तिथे थर आणि धातू यांचं प्रसरण वेगळं असल्यामुळे युनिट थंड होताना थराच्या पापड्या सुटतात, खालच्या बेंडमध्ये साचतात आणि पुढच्या स्टार्टला त्या नळीतून वाफच जात नाही.

धातूची बाजूही कमी गुंतागुंतीची नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल वीजकेंद्रात १९४३ मध्ये वाफेची मुख्य पाइप वेल्डशेजारी फुटली. कार्बन-मॉलिब्डेनम पोलादातलं कार्बाइड वर्षानुवर्षांच्या तापाने मोडून ग्रॅफाइट झालं होतं आणि ते ग्रॅफाइट वेल्डलगतच्या एका पट्ट्यात रांगेने बसलं होतं. त्या काळच्या कुठल्याही अल्पकालीन चाचणीत हे दिसलं नसतं, कारण चाचणीच्या तासांत ते घडतच नव्हतं. त्यानंतर क्रोमियम घातलेली पोलादं आली. १९८५ मध्ये नेवाडातल्या मोहावी केंद्रात रिहीट वाफेची लांब शिवणीची पाइप शिवणीवरच फुटली आणि सहा माणसं गेली. मूळ पाइपचा हिशोब बरोबर होता. वेल्डचं आयुष्य पाइपपेक्षा कमी असतं, हे त्या हिशोबात नव्हतं.

गेल्या चाळीस वर्षांतला सर्वांत मोठा धडा मात्र ग्रेड ९१ चा. नऊ टक्के क्रोमियम, एक टक्का मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम, नायोबियम, नायट्रोजनची चिमूट असलेलं हे पोलाद टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात फास्ट ब्रीडर अणुभट्ट्यांसाठी घडलं, आणि १९८० च्या दशकात बॉयलर संहितेत आल्यावर वीजकेंद्रांनी उचललं. कोराडीतल्या महानिर्मितीच्या ६६० मेगावॅटच्या युनिट्ससारख्या सुपरक्रिटिकल बॉयलरांत या कुळातली पोलादं आणि त्यांच्या वरच्या पायरीची स्टेनलेस पोलादं नसती, तर ते बॉयलर उभेच राहिले नसते. या पोलादाची ताकद त्याच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेत असते आणि ती रचना एका अरुंद तापमानपट्ट्यात केलेल्या उष्णोपचाराने येते. वेल्डनंतरच्या हीटिंगमध्ये पॅड चुकीचं बसलं, साइटवर नळी वाकवताना बर्नरची आच जास्त लागली, की त्या वीतभर लांबीत पोलाद मऊ पडतं. दिसायला तसंच, प्रमाणपत्र तेच, पण ताकद कितीतरी कमी. नीट केलेल्या वेल्डमध्येसुद्धा उष्णतेने बाधित पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला कमकुवत रेषा राहते. तिथे पडणाऱ्या भेगांना ‘टाइप फोर’ म्हणतात, आणि त्या बऱ्याचदा पृष्ठभागाच्या खाली सुरू होतात.

भाकिताच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचं हे की, नऊ ते बारा टक्के क्रोमियमच्या पोलादांची सुरुवातीची ताकद छोट्या चाचण्यांवरून जास्त धरली गेली. दीर्घकाळात त्यांतले बळ देणारे नायट्राइड कण विरघळतात आणि त्यांच्या जागी झेड-फेज नावाचे मोठे, निरुपयोगी कण येतात. बारा टक्के क्रोमियमच्या काही पोलादांत हे इतक्या लवकर घडलं की त्यांचा वापर आखडता घ्यावा लागला. पुढे ग्रेड ९१ आणि ९२ यांचे परवानगी ताणही कमी केले गेले. स्प्रिंगडेलपासून इथपर्यंत एकच गोष्ट पुन्हा घडताना दिसते: चाचणी छोटी, धातूतला बदल लांब पल्ल्याचा.

जुन्या युनिटवर प्रत्यक्ष काय करतात? भारतीय बॉयलर नियमावलीच्या ३९१-अ या नियमानुसार ४०० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला चालणाऱ्या भागांचं १,००,००० तासांनंतर उर्वरित आयुष्य तपासावं लागतं. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली असली तरी ही तपासणी वीजकेंद्रांच्या अंगवळणी पडलेली आहे. हेडर आणि पाइपवर धातूचा पृष्ठभाग घासून, ॲसिड लावून, प्लॅस्टिकच्या पट्टीवर त्याचा ठसा घेतात आणि मायक्रोस्कोपखाली पोकळ्या शोधतात. जर्मनीतल्या नॉयबाउअर आणि वेडेल यांनी १९८३ मध्ये दिलेली वर्गवारी अजून चालते: सुट्या पोकळ्या दिसल्या तर तीन वर्षांनी पाहा, ओळीत आलेल्या असतील तर दीड वर्षाने, सूक्ष्म भेगा असतील तर सहा महिन्यांत दुरुस्ती. सव्वादोन टक्के क्रोमियमच्या पोलादावर ही पद्धत छान चालते. ग्रेड ९१ वर तिच्यावर विसंबणं धोक्याचं, कारण तिथे पोकळ्या उशिरा आणि आत तयार होतात; वरचा ठसा स्वच्छ निघतो. त्या पोलादावर हार्डनेस मोजणं आणि जुनी वेल्डिंगची कागदपत्रं शोधणं जास्त उपयोगी.

नळ्यांसाठी सर्वांत विश्वासार्ह रीत म्हणजे चालू बॉयलरमधला तुकडा कापून त्याचीच क्रीप चाचणी. ताण कामाचाच ठेवायचा, तापमान ६०० ते ७०० अंशांच्या दरम्यान पायऱ्यापायऱ्यांनी वाढवायचं, तुटण्याचे तास आलेखावर मांडायचे आणि रेषा कामाच्या तापमानापर्यंत खाली न्यायची. काही महिन्यांत उत्तर मिळतं. पण प्रयोगशाळेला कुठला तुकडा पाठवला यावर सगळं अवलंबून. सर्वांत तापणाऱ्या पॅनेलऐवजी हाताला सोपा लागणारा तुकडा कापला, तर अहवाल निर्दोष आणि निरुपयोगी. एकाच ग्रेडच्या वेगवेगळ्या हीटमधल्या, म्हणजे भट्टीच्या वेगवेगळ्या घाण्यांतल्या पोलादाची क्रीप-ताकदही २० टक्क्यांनी खाली-वर असते असं गृहीत धरतात. घातांक ५ घेतला तर हा पसारा आयुष्याच्या अडीचपटीपासून एक तृतीयांशापर्यंत जातो. एका नळीची तारीख सांगणं म्हणूनच अशक्य आहे. ‘या पॅनेलमध्ये पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत फुटण्याची शक्यता इतकी’ एवढं सांगता येतं, आणि तेवढ्यावर नळ्या बदलायच्या की नाही हा निर्णय नीट घेता येतो.

दरम्यान प्रश्नच बदलत चालला आहे. दुपारी सौरवीज भरपूर येते आणि कोळशाच्या युनिट्सना लोड खाली आणावा लागतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशाच्या युनिट्ससाठी किमान भाराची पातळी ४० टक्के ठरवली आहे. बेस लोडवर सतत चालण्यासाठी बांधलेले २१० आणि ५०० मेगावॅटचे बॉयलर रोज चढ-उतार करायला लागले की क्रीपच्या जोडीला थकवा येतो. जाड हेडरचा आतला भाग आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या वेगाने तापतात, नळी जिथे हेडरला जोडली जाते त्या स्टबवर ताण पुन्हा पुन्हा उलटतो, आणि क्रीप व थकवा मिळून होणारं नुकसान दोघांच्या साध्या बेरजेहून जास्त असू शकतं. कमी भारावर वाफेचा प्रवाह नळ्यांत सारखा वाटला जात नाही, म्हणून लोड कमी असूनही एखादी नळी जास्त तापते. लार्सन-मिलरच्या स्थिर तापमानाच्या जगात याचं उत्तर नाही. स्टार्टची संख्या, तापमान वाढवण्याचा वेग, प्रत्येक ट्रिप यांची नोंद ठेवणारी ऑनलाइन प्रणाली इथे लागते. त्या नोंदींवर यंत्रशिक्षणाचे प्रयोग आता सुरू झाले आहेत. त्यांतून कोणता पॅनेल धोक्यात आहे याची क्रमवारी चांगली लागते असं मला वाटतं. पण ज्या आकड्यांवर ती यंत्रं शिकतात ते पेंटहाउसच्याच थर्मोकपलचे असतील, तर त्यांची समजही तेवढीच राहणार.

वाफेचं तापमान वाढवण्याची पुढची झेप याहून कठीण आहे. १९५७ मध्ये ओहायोतल्या फिलो केंद्राने ६२१ अंशांची वाफ वापरली आणि १९६० च्या सुमारास फिलाडेल्फियाजवळच्या एडिस्टोनने ६४९ अंश गाठले. जाड भागांच्या अडचणींनी एडिस्टोनला लवकरच खाली यावं लागलं. आता कल्पाक्कम, भेल आणि एनटीपीसी मिळून ७०० अंशांच्या पुढच्या वाफेच्या बॉयलरची तयारी करत आहेत. त्यासाठी निकेलचा मिश्रधातू आणि तांबं मिसळलेलं स्टेनलेस पोलाद लागतं. यांच्या लांब चाचण्या ज्या वेगाने पुऱ्या होतील, त्याच वेगाने हे काम पुढे जावं.

आजच्या बॉयलरांसाठी मात्र एक गोष्ट पैशाविना करता येते, आणि बऱ्याच ठिकाणी ती होत नाही. ओव्हरहॉलमध्ये कापलेल्या नळ्या ढिगाने भंगारात जातात. त्यांच्यावर पॅनेल क्रमांक, नळी क्रमांक, कोणत्या उंचीवरून कापली, धुराची बाजू कोणती आणि वाफेची दिशा कोणती, एवढं कापण्याआधी पंच मारून लिहायचं. मग नळीची जाडी, आतला ऑक्साइड आणि हार्डनेस मोजून एका वहीत, बॉयलरच्या नकाशावर, वर्षानुवर्षं भरत जायचं. बदली बसवलेल्या तुकड्याची ग्रेड पीएमआय गनने (धातूतली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या उपकरणाने) तपासून तीही तिथेच लिहायची, कारण टी-२२ च्या जागी कार्बन पोलादाचा तुकडा बसला की तो वर्ष-दोन वर्षांत फुटतो आणि दोष मात्र सूत्राच्या माथी मारला जातो.